शरीराच्या शिक्षकाचें वेतन



इसवी सन ३०१ मध्यें रोमन बादशहा डायोक्लीशन यानें आपल्या साम्राज्यांतील वस्तूंचे व मजुरीचे कमाल दर ठरवून दिले आणि ते दगडांवर कोरवून ठिकठिकाणीं लावविले. धान्य, मद्य, चामडें, पादत्राणें, गवंड्याची मजुरी, न्हाव्याचे पैसे अशी ती लांबलचक यादी आहे. तींत शिक्षकांचेंहि कलम असून शरीराच्या शिक्षकाचा दर तेथें सांपडतो. मल्लशाळेंत तालीम देणाऱ्यानें दर विद्यार्थ्यामागें दरमहा ५० दिनारांहून अधिक घेऊं नये, असा हुकूम आहे. मुळाक्षरें शिकविणाऱ्यालाहि ५०च. हिशेब शिकविणाऱ्याला ७५. व्याकरणाच्या पंडिताला २००. आणि वक्तृत्व शिकविणाऱ्याला २५०. त्याच यादीप्रमाणें शेतावर राबणाऱ्या मजुराला जेवण घालून रोज २५ दिनार द्यावयाचे होते. म्हणजे मजुराच्या दोन दिवसांच्या रोख मजुरींत मुलाला महिनाभर तालीम मिळे. बोलावयास शिकविणाऱ्याची किंमत शरीर घडविणाऱ्याच्या पांचपट होती, ही गोष्ट माझ्यासारख्या बोलणाऱ्याला सुखावणारी असली, तरी ती तूर्त बाजूला ठेवूं.

हा दर स्वस्त दिसतो खरा. पण तो दर विद्यार्थ्यामागें आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. तीस मुलें जमलीं तर शिक्षकाला महिना १५०० दिनार मिळत, आणि प्रत्येक मुलाच्या वांट्याला त्याच्या नजरेचा तिसावा हिस्सा येई. आज आपल्या शहरांतून जी व्यायामशाळेची वर्गणी भरतात ती साधारण याच जातीची आहे. तिच्यावर आणखी पैसे मोजले म्हणजे एक शिक्षक आपल्या एकट्याजवळ उभा राहून व्यायाम करवून घेतो. त्याला ‘पर्सनल ट्रेनर’ म्हणतात. कित्येक घरीं तो सकाळीं दारांत येऊनच उभा राहतो. हे जास्तीचे पैसे आपण नेमके कशाबद्दल देतों, आणि देण्यापूर्वीं काय पाहावें, हा प्रश्न मी आज इतिहासाला विचारणार आहें. प्रश्न नवा नाहीं. त्यांत एका विजयी मल्लाचा प्राणहि गेलेला आहे.

ग्रीक लोकांत शरीराचे शिक्षक दोन प्रकारचे मानीत. एकाला ते ‘पैदोत्रिबीस’ म्हणत; हा मुलांना पवित्रे शिकवी, पकडी घोटवून घेई. दुसरा ‘जिम्नास्तीस’, याला पकडी ठाऊक असाव्यातच, शिवाय कोणत्या प्रकृतीला कोणता व्यायाम व कोणता आहार मानवतो हेंहि कळावें, अशी अपेक्षा असे. पहिला कवाईत घेणारा, दुसरा पारख करणारा. व्यवहारांत या दोन नांवांचा घोटाळा पुष्कळ होई, आणि तो आजहि संपला आहे असें म्हणवत नाहीं.

प्लेटोच्या ‘पोलिटिकस’ या संवादांत कायद्याची चर्चा चालली असतां तालमीचा दाखला आला आहे. पुष्कळ माणसांना एकत्र तालीम देणारा शिक्षक प्रत्येकाच्या शरीराचा निरनिराळा विचार करीत बसत नाहीं. बहुतेकांना बहुतेक वेळां मानवेल असा एक ठोकळ हुकूम तो सर्वांना देतो, आणि कायदाहि तसाच असतो, असें तेथें म्हटलें आहे. प्लेटोला बोलावयाचें होतें राज्यशास्त्राविषयीं. पण घाऊक तालीम आणि एकट्याची तालीम यांतला भेद त्यानें सहज सांगून टाकला. त्याचा शिष्य अॅरिस्टॉटल यानें नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत हाच धागा पुढें नेला आहे. दहा मिना वजनाचें अन्न फार आणि दोन मिना थोडें, म्हणून शिक्षक सरसकट सहा मिना सांगणार नाहीं, असें तो म्हणतो. कारण तेवढें अन्न मिलो नांवाच्या प्रसिद्ध मल्लाला अपुरें पडेल आणि नुकत्याच व्यायामाला लागलेल्या माणसाला जड जाईल. गणितांतला मध्य निराळा आणि माणसाचा मध्य निराळा. हा माणसाचा मध्य हुडकून काढण्याचे पैसे खासगी शिक्षकाला द्यावयाचे असतात. तो जर सर्वांना सहाच मिना सांगत असेल, तर ५० दिनारांचा शिक्षक काय वाईट?

आतां त्या मल्लाची गोष्ट. ती फिलोस्ट्रेटस नांवाच्या ग्रीक लेखकानें इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत व्यायामविद्येवर लिहिलेल्या ग्रंथांत आहे. त्या काळीं तालीमबाजांत चार दिवसांचें एक चक्र रूढ झालें होतें. पहिल्या दिवशीं थोडक्या पण जोरकस हालचाली करून शरीर तयार करावयाचें, दुसऱ्या दिवशीं सर्व शक्ति पणाला लावून मेहनत करावयाची, तिसऱ्या दिवशीं सैल सोडावयाचें आणि चौथ्या दिवशीं मध्यम व्यायाम घ्यावयाचा. मग पुन्हां पहिला दिवस. योजना दिसावयास शास्त्रीय आहे, आणि कांहीं अंशीं ती शहाणपणाचीहि आहे; मेहनत आणि विसांवा आलटून पालटून यावीं, हें आजचे तज्ज्ञहि सांगतात. पण गेरेनोस नांवाचा नौक्रातिस गांवचा मल्ल ऑलिंपियाला कुस्ती जिंकून आला. विजयाच्या आनंदांत त्यानें मित्रांना मेजवानी दिली, मद्य झालें, संवय नसलेलीं पक्वान्नें पोटांत गेलीं, आणि रात्रीं झोंप झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आखाड्यांत आला तेव्हां त्यानें आपल्या शिक्षकाला अपचन झालें असून बरें वाटत नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. शिक्षक संतापला. चक्र मोडलें म्हणून त्यानें त्याला फैलावर घेतलें आणि ठरलेली मेहनत त्याच्याकडून करवून घेतली. गेरेनोस त्या मेहनतींतच मेला. अथेन्सहून एल्यूसिसला जाणाऱ्या रस्त्याच्या उजव्या हाताला त्याचें थडगें होतें, असें फिलोस्ट्रेटस लिहितो.

फिलोस्ट्रेटसची टीका मोठी मार्मिक आहे. मल्लानें तोंडानें एक अक्षर काढलें नसतें, तरीहि त्या दिवशीं कोणता व्यायाम द्यावा हें शिक्षकाला दिसावयास पाहिजे होतें, असें तो म्हणतो. येथें तर मल्लानें सांगितलें होतें!

ही जुनी कथा म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. संवय नसलेल्या माणसाकडून पहिल्याच दिवशीं अतोनात मेहनत करवून घेतली, तर स्नायूंचे तंतु फुटतात, त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरतात आणि त्यांचा मारा मूत्रपिंडांवर होतो. लघवीला काळसर रंग येतो आणि माणसाला रुग्णालयांत न्यावें लागतें. उष्ण दिवस असला, अंगांत ताप असला किंवा शरीरांत पाणी कमी असलें तर धोका अधिकच. म्हणून पहिल्या दिवशीं घाम फार काढला, दुसऱ्या दिवशीं जिना उतरवेना, यावरून शिक्षक चांगला असें जें कित्येक लोक कौतुकानें सांगतात, तें ऐकून मला त्या एल्यूसिसच्या रस्त्याची आठवण होते.

फिलोस्ट्रेटसनें उलट बाजूचीहि एक गोष्ट दिली आहे, आणि ती गोड आहे. पेलेन गांवचा प्रोमाखोस हा तरुण मल्ल ऑलिंपियाची तयारी करीत असतां त्याचें मन आखाड्यांत लागेनासें झालें. शिक्षकानें तें ओळखलें. मुलगा कोणाच्या तरी प्रेमांत पडला होता. शिक्षकानें त्याला दटावलें नाहीं, मेहनतहि वाढविली नाहीं. ‘ऑलिंपियाला जिंकलास तर ती तुला नाकारणार नाहीं, असा तिचा निरोप आहे’, असें त्यानें खुशाल खोटेंच सांगितलें. प्रोमाखोस जिंकला. खोटें बोलण्याचें समर्थन मी करीत नाहीं. पण या शिक्षकाचे डोळे शिष्यावर होते आणि गेरेनोसच्या शिक्षकाचे वेळापत्रकावर.

वैद्यांचें आणि या शिक्षकांचें फारसें कधीं जमलें नाहीं. गेलेन हा रोमचा विख्यात वैद्य तर त्यांचा हाडवैरी होता. तरुणपणीं पर्गामम येथें त्यानें झुंजणाऱ्या योद्ध्यांवर उपचार केले होते, तेव्हां शरीर मोडणें म्हणजे काय तें त्यानें हातानें पाहिलें होतें. आरोग्य राखणें हें वैद्याचें काम कीं तालीमबाजाचें, या वादावर त्यानें ‘थ्रासिबुलस’ नांवाचा एक निबंधच लिहिला आहे. कालपर्यंत आखाड्यांत ज्यांना यश आलें नाहीं ते आज एकाएकीं इतरांचे गुरु होऊन बसतात, अशी त्याची तक्रार आहे. गेलेन पक्षपाती होता हें खरें. धंद्यांतल्या स्पर्धेचा वास त्याच्या लिहिण्याला येतो. शिवाय आखाड्यांत हरलेला मनुष्य उत्तम शिक्षक होऊं शकतो, हें आपण नेहमीं पाहतों. पण त्याच्या रागाला कारणहि घडलें होतें. वयाच्या ३५व्या वर्षीं रोममध्यें व्यायाम करतांना त्याच्या खांद्याला दुखापत झाली. गळ्याचें हाड खांद्याच्या टोंकाशीं जेथें मिळतें तेथला सांधा निखळला होता. जवळ असलेल्या शिक्षकाला वाटलें कीं दंडाचें हाड बगलेंत उतरलें आहे, आणि त्या समजुतीनें त्यानें हात ओढावयास सुरुवात केली. गेलेननें बोटांनीं चांचपून पाहिलें, चूक ओळखली आणि ओढणाऱ्यांना थांबविलें. पुढें कित्येक दिवस घट्ट पट्ट्या बांधून त्यानें तो सांधा बरा केला. रुग्ण स्वतःच त्या काळचा सर्वांत मोठा वैद्य होता म्हणून हात वांचला. आपल्यापैकीं बहुतेकांना ती सोय नाहीं. शिक्षकाला सर्व कळावें अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. ‘हें माझ्या आवाक्यांतलें नाहीं, आधीं डॉक्टरांना दाखवा’, असें तो केव्हां म्हणतो, एवढें मात्र पाहावें.

आपल्याकडे या विषयाचा विचार कमी झालेला नाहीं. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार हीं पाहून व्यायाम करावा, नाहीं तर रोग होतो, असें सुश्रुतानें सांगितलें आहे. आणि तो निम्म्या शक्तीइतकाच करावा, ही त्याची मर्यादा. ही निम्मी शक्ति ओळखावयाची कशी? श्वास तोंडाशीं येऊं लागला म्हणजे निम्मी शक्ति खर्च झाली, असें तो सांगतो. यंत्र नाहीं, घड्याळ नाहीं. समोर उभें राहून चेहरा पाहणारा मनुष्य मात्र हवा. आज कोणी मनगटावरील यंत्रांत नाडीचे ठोके मोजतो, त्यालाहि माझा विरोध नाहीं. परंतु श्वास तोंडाशीं आलेला शिक्षकाला दिसत नसेल, तर यंत्राचे आंकडेहि त्याला दिसत नसावेत.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, म्हणजे बाराव्या शतकांत, मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग सांगून त्यांच्या मेहनतीचा व आहाराचा विचार केला आहे. खर्च राजाचा. पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं बाळंभट देवधर होते; त्यांच्या हातून मल्लखांब नांवारूपाला आला. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें. गांवोगांवच्या तालमींतहि वस्तादाचा चरितार्थ संस्थान, देवस्थान, पेठ किंवा एखादा हौशी सावकार यांच्यावर चालला. पोरानें नारळ, फेटा आणि गुरुपौर्णिमेला जमेल ती दक्षिणा द्यावी. महिन्याचा हिशेब नसे.

या व्यवस्थेची आठवण आपल्याकडे फार हळवेपणानें काढतात. तींत मोठा गुण होता, हें मला मान्य आहे. वस्तादाचें पोट शिष्याच्या खुषीवर अवलंबून नसल्यामुळें तो त्याला खुशाल ‘आज बस खालीं’ म्हणे, किंवा वर्षभर नुसत्या जोर-बैठका काढावयास लावी. पोर लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर असल्यानें त्याचा कोणता खांदा कच्चा आहे, हें त्याला पाठ असे. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव तर व्यायामविद्येइतकेच हाडें बसविण्याच्या कलेबद्दलहि प्रसिद्ध होते. गेलेनला असा शिक्षक मिळता तर त्याचा निबंध निराळा झाला असता. पण दोषहि लहान नव्हता. शिष्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. वस्ताद चुकला तर त्याला कोणी बदलीत नसे. स्त्रियांना आणि जातीपातीमुळें कित्येक पुरुषांनाहि अनेक तालमींचा उंबरठा ओलांडतां येत नसे. आणि पन्नाशीचा कारकून, ज्याला फड मारावयाचा नसून केवळ जिना चढतांना धाप लागूं नये एवढेंच हवें आहे, त्याच्यासाठीं ती व्यवस्था नव्हतीच. वस्तादाची पारख करण्याचें काम तेव्हां राजा किंवा सावकार करी. आज पैसे आपण देतों, तेव्हां पारखहि आपल्यालाच करावी लागते, आणि आपल्याला तिची संवय नाहीं. पैसे देऊनहि आपण नारळ-फेट्याच्या काळांतल्या शिष्यासारखे गप्प उभे राहतों.

पैसे देऊन व्यायाम शिकण्याची आधुनिक रीत ज्यानें जगभर रूढ केली त्या सँडोचें नांव आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असे. हा मूळचा प्रशियांतील कोनिग्सबर्गचा, जन्म १८६७ चा. १८८९ सालीं लंडनच्या रंगभूमीवर त्यानें सॅम्सन म्हणविणाऱ्या एका बलवानास हरविलें आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. १८९७ सालीं त्यानें लंडनमध्यें सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामाची संस्था काढली; शिष्याच्या अंगाचीं मापें घेऊन तीं नोंदवावयाचीं आणि त्यावरून व्यायाम सांगावयाचा, ही तेथली पद्धत. दुसऱ्याच वर्षीं मासिक काढलें. यंत्रें विकलीं, पुस्तकें विकलीं. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांतहि येऊन आपलें शरीर दाखवून गेला. हें शरीर हीच त्याची जाहिरात होती, आणि येथेंच ग्राहकानें जरा थांबावयास पाहिजे होतें. सँडोचें शरीर पाहून सँडोला शरीर होतें एवढेंच सिद्ध होतें. त्याला घडविण्यांत ज्याचा मोठा हात होता तो शिक्षक अॅटिला. त्याचें नांव आज किती जणांना ठाऊक आहे? शिक्षकाची पारख शिष्यांवरून करावयाची असेल, तर ती अॅटिलाची व्हावयास हवी होती.

सँडोवर अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं १९०१ च्या सप्टेंबरांत लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें त्यानें जो मोठा सामना भरविला, त्यांत त्यानें इतरांचीं शरीरें लोकांपुढें आणलीं. परीक्षकांत शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉईल होता. नुसत्या जाड दंडाला बक्षीस न देतां सर्वांगाचा प्रमाणबद्ध विकास पाहावयाचा, असा नियम ठेवला होता, आणि नॉटिंगहॅमच्या मरे नांवाच्या इसमानें तें बक्षीस मिळविलें. पुढें सँडोचा कोको विकण्याचा धंदा पहिल्या महायुद्धाच्या काळांत बुडाला, आणि १९२५ सालीं तो वारला.

त्याच्या ग्राहकांत आपल्याकडले एक राजेसाहेब होते. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १८९७ च्या सुमारास सँडोचीं यंत्रें व पुस्तकें विकत घेतलीं आणि सुमारें दहा वर्षें ते नेमानें त्या पद्धतीचा व्यायाम करीत होते. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि पुढें उभ्या आयुष्यांत त्यांनीं ते सोडले नाहींत. संस्थानच्या शाळांतून चालू केले, आणि १९३८ सालीं त्यांचें त्यावरील इंग्रजी पुस्तक लंडनला निघालें. सँडो शिकवावयास औंधला येऊं शकत नव्हता. टपालानें आलेलें यंत्र राजेसाहेबांकडे पाहत नव्हतें. मिरजेचे अधिपति मात्र ओळखीचे, शेजारच्या संस्थानचे, स्वतः नमस्कार घालणारे होते. नमस्काराला चटई लागते, तीहि नसली तरी चालतें. ज्याच्या शिक्षकानें त्याला हळूहळू बिनखर्चाच्या व्यायामाकडे नेलें त्याचे पैसे कामीं आले, असें मी समजतों. जो शिक्षक दर महिन्याला नवीन यंत्र, नवीन भुकटी, नवीन पट्टा सुचवितो त्याच्याविषयीं घरांत चर्चा व्हावी, आणि भुकटीच्या डब्यावर त्याला दलाली मिळते काय, हेंहि संकोच न धरतां विचारावें.

वेतनाच्या बाबतींत सर्वांत बोधप्रद करार अमेरिकेंत झाला. जॉन सलिव्हन हा मुष्टियुद्धांतला जगज्जेता १८८९ सालीं दारूनें आणि आजारानें इतका खचला होता कीं किलरेन नांवाच्या प्रतिस्पर्ध्याशीं तो उभा राहील कीं नाहीं याची शंका होती. त्याला तयार करण्याचें काम विल्यम मल्डून या कुस्तीगिरानें अंगावर घेतलें. सलिव्हन हरला तर मल्डूननें एक पैहि घेऊं नये, खर्चहि त्याचाच, अशी अट होती असें सांगतात. मल्डूननें त्याला न्यूयॉर्क प्रांतांतील बेलफास्ट या आपल्या खेड्यांत नेलें. त्याच्याकडून शेतांतलीं कामें करवून घेतलीं, लांकडें फोडविलीं, मैलच्या मैल चालविलें, आणि त्याच्या दारूवर पहारा ठेवला. ८ जुलै १८८९ रोजीं मिसिसिपींतील कडक उन्हांत दोन तासांहून अधिक वेळ, ७५ फेऱ्या लढून सलिव्हन जिंकला. बेलफास्टच्या त्या कोठारांत आज उघड्या मुठींच्या मुष्टियुद्धाचें संग्रहालय आहे.

येथें शिक्षकानें पैज स्वतःवर लावली होती, म्हणून ही हकीकत मला आवडते. पण तिचा उत्तरार्धहि सांगावयास हवा. तीन वर्षांनीं, ७ सप्टेंबर १८९२ रोजीं, न्यू ऑर्लिअन्स येथें कॉर्बेट या तरुणानें सलिव्हनला २१व्या फेरींत आडवा केला. या खेपेस मल्डून जवळ नव्हता, आणि सलिव्हनचें शरीर पुन्हां सैल पडलें होतें. पहाऱ्यानें आलेली शिस्त पहारेकऱ्याबरोबर निघून गेली. मल्डूननें मात्र पुढें पर्चेस येथें श्रीमंतांसाठीं आरोग्यशाळा काढली. मोठमोठे वकील, मुत्सद्दी, लेखक तेथें पैसे देऊन राहत आणि शिपायांप्रमाणें त्याचे हुकूम झेलीत. कादंबरीकार ड्रायझर तेथें राहून आला आणि त्यानें मल्डूनचें, नांव बदलून, एक तिखट शब्दचित्र लिहिलें. मोठीं माणसें अपमान करून घेण्याचे पैसे देतात ही मौज आहे. पण स्वतःच्या आळसापुढें हात टेकलेल्या माणसाला तेवढ्यापुरता पहारा विकत घ्यावासा वाटला, तर त्यांत लाज कसली? घरीं परतल्यावर काय करावयाचें, हें शिक्षकानें शिकविलें नसेल तर पहारा जन्मभर विकत घ्यावा लागेल, एवढें ओळखून तो घ्यावा.

शिक्षकांच्या शिक्षणाची सोय विसाव्या शतकांत झाली. १९२० सालीं मद्रासेस हॅरी बक यांनीं वाय. एम. सी. ए.चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. १९२४ सालीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापिलें आणि आसन-प्राणायामांचे परिणाम उपकरणांनीं मोजावयास आरंभ केला. हे स्वामी तरुणपणीं बडोद्यास माणिकरावांचे शिष्य होते. १९३८ सालीं कांदिवलीस शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांसाठीं संस्था निघाली. अमेरिकेंत खेळ व व्यायाम यांच्या वैद्यकाला वाहिलेल्या महाविद्यालयानें १९७५ सालीं व्यायामतज्ज्ञांस प्रमाणपत्रें देण्यास सुरुवात केली, आणि आज अशीं प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्था जगभर अनेक आहेत. त्यांतल्या कांहीं कसून परीक्षा घेतात. कांहीं दोन दिवसांत कागद हातीं देतात. म्हणून कागद कोणाचा आहे आणि तो किती दिवसांत मिळाला, हें विचारावें. ज्याला राग येईल त्याचा कागद बहुधा दोन दिवसांचा असतो.

पैसे देण्यापूर्वीं शिक्षकाशीं अर्धा तास नुसतें बोलावें. तो काय सांगतो यापेक्षां काय विचारतो याकडे लक्ष असावें. पूर्वीं कोणती शस्त्रक्रिया झाली, रक्तदाब किती, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत काय, झोंप किती होते, छातींत कधीं दुखलें काय, दिवसाचे किती तास खुर्चींत जातात, हें न विचारतां जो दंडाचा घेर वाढविण्याचें वचन देतो, त्याच्यापाशीं चार दिवसांचें चक्र तयारच आहे असें समजावें. वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर सवलत मिळते, असें व्यायामशाळांतून सांगतात. मल्डूननें अखेरपर्यंत कांहींच घ्यावयाचें नाहीं असें कबूल केलें होतें. तेवढी अपेक्षा कोणी करूं नये, पण पहिल्या खेपेस एका महिन्याचेच द्यावेत. महिना संपला म्हणजे शिक्षकाची वही मागून पाहावी. तींत आपल्या नांवापुढें आपलें वजन आणि केलेला व्यायाम तारीखवार लिहिलेला असला, आणि मधेंच कोठें तरी ‘मंगळवारीं उजवा गुडघा दुखत होता, बैठका दिल्या नाहींत’, अशी एखादी ओळ सांपडली, तर पुढच्या महिन्याचे पैसे खुशाल द्यावेत.